सहा मायक्रोसेकंदांचा डोंगर

भाद्रपदातला शेवटचा सोमवार, सकाळचे अकरा. रक्कम छत्तीस हजार रुपये. हजर: सरपंच वच्छलाबाई, ग्रामसेवक, टॉवर कंपनीचा माणूस, टोलीवरचा सुखदेव आणि मी. तू नव्हतीस. तुझं तेरावं होऊन चार दिवस झाले होते.

छत्तीस हजार म्हणजे तलावाच्या पाळीशेजारच्या टॉवरचं वर्षाचं भाडं. ते पंचायतीला मिळायचं होतं, पण तक्रार मिटल्याशिवाय कंपनी ते सोडत नव्हती, आणि तक्रार तुझी होती. कंपनीच्या माणसाने छापील कागद माझ्यापुढे सरकवला. ‘टोलीवरील नेटवर्क समाधानकारक आहे.’ खाली तुझ्या नावापुढे ‘मयत’ असं आधीच छापून आणलेलं, आणि त्याखाली वारसाच्या सहीची रेघ.

“बस साइन कर दीजिए भाऊसाहेब. बहनजी तो अब रहीं नहीं.”

“ती नाही,” मी म्हणालो. “टोली आहे अजून.”

सही केली नाही. हे तुला आधी सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं तू मधे न बोलता ऐकशील.

कुंदा, लोकांना अजून वाटतं की तू टॉवरच्या विरोधात होतीस. तुझं म्हणणं उलटं होतं. टॉवर उभा केलाच आहे तर तो टोलीलाही ऐकू यायला हवा. टोली म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी तीस घरं. तिथे फोनमध्ये काड्या चारच्या चार दिसतात आणि बोलणं तिसऱ्या शब्दाला तुटतं. नागपूरच्या कॉलेजातली रेडिओ शिकवण्याची नोकरी सोडून तू घरी आलीस, त्याच आठवड्यात टोलीवरची कौतिकाबाई दारात आली होती.

“बाई, तुम्ही फोनाचं शिकवत होत्या म्हनते. काड्या भरून दिसते, अन् हैदराबादेतून पोराचा आवाज असा येते का जसा कोनी त्याचं तोंड दाबून सोडून राह्यलं. कायले होते असं?”

तू तिला आणि मला घेऊन सरळ डोंगराच्या उघड्या कपारीसमोर गेलीस. मला म्हणालीस, “भाऊ, लांब शिट्टी वाजव.” वाजवली. डोंगराने काय परत दिलं ते कळेना, सगळं एकात एक मिसळलं. मग तू एकदाच टाळी वाजवलीस. टाळी ऐकू आली, आणि अर्ध्या श्वासानंतर कपारीतून दुसरी.

“शिट्टीत डोंगर लपतो,” तू म्हणालीस. “टाळीत सापडतो. पूर्वीच्या फोनचा लहरींचा पट्टा अरुंद होता, शिट्टीसारखा. आताचा रुंद आहे. पट्टा जितका रुंद तितकी टाळी टोकदार, आणि तितकी परत आलेली प्रत्येक प्रत वेगळी दिसते.”

बांधावरून सुखदेव बघत होता. “काऊन वो कुंदाबाई, डोंगराची आरती करून राह्यल्या का?”

“हो गा. ये, तुलेही प्रसाद भेटंल.”

तेव्हापासून टोलीवर तुझं नाव टाळीवाली बाई पडलं. तुला ते आवडत होतं, मला नाही.

घरी आल्यावर तू मला जे समजावलंस ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. टॉवर एकामागून एक तुकडे पाठवतो. उशिरा येणाऱ्या प्रती सामावून घ्यायला प्रत्येक तुकड्याच्या आधी थोडी जागा राखलेली असते. ही जागा पावणेपाच मायक्रोसेकंदांहून किंचित कमी. लहर मायक्रोसेकंदाला तीनशे मीटर जाते, म्हणजे तेवढ्या वेळात चौदाशे. डोंगरावरून वळून येणारी प्रत सरळ येणाऱ्या प्रतीपेक्षा चौदाशे मीटरांहून जास्त चालली, तर मागच्या तुकड्याची प्रत पुढच्या तुकड्यावर येऊन पडते. काड्या फक्त ताकद मोजतात, म्हणून त्या चारच राहतात. बोलण्याचा मात्र चिखल होतो.

मला हे एकदा सांगून कळलं याचं तुला नवल वाटलं. नवल कसलं? आपलं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. मी पंचवीस वर्षं तलावाची पातळी लिहितो आहे. एकाच सरीचं पाणी तलावात तीनदा येतं: आधी जवळच्या वावरांचं, मग मोठ्या नाल्याचं, आणि पाऊस थांबल्यावर कितीतरी वेळाने डोंगरामागचं. आजोबा या तिन्ही वेळा आणि प्रत्येक वेळी पाणी किती बोटं चढलं ते वहीत लिहून ठेवत. ती वही मी तुझ्यापुढे ठेवली. तू एक पान उघडून बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, “हे मी दोन वर्षं मुलांना फळ्यावर काढून शिकवलं, आणि हे घरात पडून होतं.”

कंपनीने टॉवरची जागा ठरवली ती एका मॉडेलवरून. त्या मॉडेलात आपलं गाव उघडं, सपाट होतं. प्रती थोड्या आणि लगेच येणाऱ्या. डोंगर त्यात नव्हताच. तुझं काम एवढंच, की गाव जसं आहे तसं मांडायचं. टोलीवरच्या अकरा जागा. प्रत्येक जागी किती प्रती येतात, किती उशिरा, किती जोरात. अख्खं मॉडेल एका पानावर. तुझ्या वहिनीने तुला विचारलं होतं, मॉडेल म्हणजे नक्की काय? तू म्हणालीस, “डोंगर कागदावर घ्यायचा, वहिनी. पण फोनला दिसतो तेवढाच.”

तुझी मोजणीची पेटी स्वतः काही पाठवत नव्हती. टॉवर ठरलेल्या वेळी ठरलेली खूण पाठवत असतो, ती ऐकून पेटी लॅपटॉपवर उभ्या रेषा काढायची. पहिली रेष सरळ आलेल्या प्रतीची, मागची डोंगराची. मे महिन्यात अकरा दिवस आपण टोलीवर हिंडलो. कौतिकाबाई अँटेना बांधलेला बांबू धरून उभी, तू पेटीवर वाकलेली, मी आकडे लिहून घेतोय. बांबू कलला की तू तिच्यावर खेकसायचीस आणि ती तुला म्हणायची, “बाई, बांबू सरळच हाय. तुमचं डोकं तिरपं झालं उन्हानं.”

तिथेच आपलं ते भांडण सुरू झालं. मी म्हणालो, मे महिन्याचं मोजमाप हे मे महिन्याचंच. आत्ता साग उघडा आहे. पानं आली की पुन्हा मोजायला हवं.

“भाऊ, डोंगर हलतो का?”

“डोंगर नाही हलत. पानं येतात.”

“प्रत किती उशिरा येणार ते डोंगर ठरवतो.”

“आणि किती जोरात येणार ते?”

तू पेटीचं झाकण लावलंस. “तुझ्या तलावासारखं सगळं चढत-उतरत नाही.” नंतर दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस; मीठसुद्धा वहिनीमार्फत मागत होतीस. मी माघार घेतली नाही, तूही नाही. हे लिहिताना मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्याच्याशी भांडायला आकडे लागतात असं माणूस घरात असणं हे मोठंच सुख होतं, आणि ते मी पुरेपूर घेतलं.

वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं.

पहिल्या जागेवर पेटीने दाखवलं, डोंगराची प्रत सहा मायक्रोसेकंद उशिरा येते. तू अंतरांवरून ताळा करून पाहिलास तर आठ येत होते. टॉवर ते टोली नऊशे मीटर, कपार ते टोली पंधराशे मीटर, ही तू मोजलेली अंतरं. टॉवर ते कपार हे अंतर मी दिलं होतं, आजोबांच्या वहीतून: अठराशे मीटर. दोन मायक्रोसेकंदांचा फरक काही केल्या जाईना. तेवढ्यात पंचायतीत पहिली सुनावणी लागली. कंपनीच्या माणसाने मला विचारलं, तुम्ही मोजणीला हजर होतात, तुमचं काय म्हणणं? मी उभा राहून म्हणालो, “यंत्रात दोनचा फरक असू शकतो.” ग्रामसेवकाने ते इतिवृत्तात लिहिलं. मला तेव्हा वाटलं, मी फार प्रामाणिक आहे.

तू पेटी नागपूरला तपासायला पाठवलीस. ती तीन आठवड्यांनी परत आली. दोष नाही.

मग मी आजोबांची वही पुन्हा पाहिली. अठराशे मीटर खरे होते, पण पाटाने. कपारीखालच्या झऱ्यापासून पाळीपर्यंत पाणी वळसा घेत किती चालतं, ते अंतर. आपल्या घरात ‘किती दूर’ याचा दुसरा अर्थच कधी नव्हता. सरळ रेषेत ते अंतर बाराशे निघालं. बाराशे आणि पंधराशे, त्यातून नऊशे वजा, अठराशे उरले, तीनशेने भागले की सहा. तुझी पेटी पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

मी सांगितलं तेव्हा तू जात्यावर टेकून हसत बसलीस. “भाऊ गा, रेडिओ पाटानं नाही येत.” पुढचे आठ दिवस घरात कोणी कुठूनही आलं की तू विचारायचीस, पाटानं आला का सरळ?

पण इतिवृत्तातलं ते वाक्य मी मागे घेतलं नाही. घरात कबूल केलं, चारचौघांत नाही. पुढच्या सुनावणीला सांगू म्हणालो. पुढची सुनावणी तू गेल्यावर झाली, आणि त्या सोमवारी कंपनीच्या माणसाने छापील कागदाला जोडून काय आणलं होतं? माझं वाक्य. तक्रारदाराच्या सख्ख्या भावाने यंत्र सदोष असल्याचं सांगितलं आहे, असं. तू मला एकदाही म्हणाली नाहीस की जा, ते बदलून ये. म्हणायला हवं होतंस. तो राग माझा तुझ्यावर आहे, आणि त्याहून मोठा स्वतःवर.

आता तुझ्या जाण्याबद्दल. ते मी जसं घडलं तसंच लिहिणार आहे.

सकाळी पावणेसातला तू विहिरीच्या ओट्यावर बसलीस आणि म्हणालीस, छातीत काहीतरी होतंय. मी रुग्णवाहिकेला फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला. आवाज स्वच्छ होता, कारण आपलं घर टोलीवर नाही, गावठाणात आहे, आणि टॉवर समोर दिसतो. गाडी सव्वीस मिनिटांत आली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आली असती तरी उपयोग नव्हता.

सोमवारच्या बैठकीनंतर वच्छलाबाई माझ्याबरोबर चालत आल्या. बाई वाईट नाहीत. टॉवर गावात यावा म्हणून त्या गोंदियाला किती वेळा गेल्या ते तुला ठाऊक आहे. पंचायतीचा पाण्याचा पंप बंद पडला आहे आणि त्यांना ते छत्तीस हजार हवे आहेत. त्या हळूच म्हणाल्या, “भाऊ, राग नका मानू. अर्जात एवढंच लिवा, फोन नाही लागला म्हनून बाई गेली. पेपरवाले येते. कंपनी आठ दिवसात वाकते.”

“फोन लागला होता.”

“ते कोनाले माहीत हाय?”

“मला.”

घरी वहिनीनेही तेच विचारलं. टोलीचं भलं होत असेल तर कोणाचं बिघडतं? तुझी वहिनी रडत होती, म्हणून मी आवाज चढवला नाही. पण उत्तर दिलं. बिघडतं ते कुंदाचं. तिने अकरा जागांचे आकडे उन्हात उभं राहून घेतले. त्यांच्या शेजारी मी एक खोटा आकडा ठेवला, तर उद्या तो पकडला जाईल आणि त्याच्याबरोबर ते अकराही जातील. शिवाय तुझं मरण ही काही माझ्या हातातली चीज नाही, की हवी तिथे नेऊन लावावी.

म्हणजे दोन्ही वाटा मी बंद केल्या. सही नाही, खोटं नाही. उरलं काय, तर पुन्हा मोजणं.

पेटीची तीन बटणं कोणत्या क्रमाने दाबायची ते मला येत होतं, तेवढंच. कौतिकाबाईला निरोप धाडला. ती बांबू घेऊनच आली. धान निसवून लोंब्या बाहेर पडल्या होत्या, बांधावरून चालताना पाय घसरत होते, आणि साग पानांनी इतका भरला होता की टोलीवरून टॉवरचं टोकही दिसत नव्हतं. पाच दिवसांत अकरा जागा पुन्हा घेतल्या. तुझं मे महिन्याचं पान डाव्या हाताला ठेवून एकेक आकडा पडताळला.

डोंगराच्या प्रतीची वेळ कुठेही बदलली नव्हती. पहिल्या जागी सहा होती ती सहाच. अकराच्या अकरा जागी तुझे वेळेचे आकडे तसेच्या तसे. पण सरळ येणाऱ्या प्रतीचा जोर सात जागी मेपेक्षा चौथाईवर आला होता. त्या सातही ठिकाणी डोंगर टॉवरपेक्षा मोठ्याने बोलत होता. कंपनीने स्वतःची चाचणी मे महिन्यातच केली होती, उघड्या सागातून. म्हणून त्यांना बरं दिसलं.

वेळेबाबत तू बरोबर होतीस, कुंदा. जोराबाबत मी. दोघांनाही अर्धंच दिसत होतं, आणि आपण आपलं अर्धं धरून दोन दिवस अबोला धरला. मी शेवटच्या जागी बांधावर बसून राहिलो.

“का झालं भाऊ?” कौतिकाबाईने विचारलं.

“भांडण मिटलं.”

“कोनाशी?”

मी सांगितलं. तिने बांबू खाली ठेवला आणि थोडा वेळ तीही बसली.

पुढच्या बैठकीत मी ग्रामसेवकाला म्हणालो, माझं जुनं वाक्य खोडू नका, त्याच्याखाली लिहा. यंत्र बरोबर होतं. अंतर मी चुकीचं दिलं. पाण्याच्या वाटेचं अंतर सरळ अंतर म्हणून दिलं. माझी बहीण बरोबर होती.

कंपनीचा माणूस म्हणाला, “मतलब आप अपनी ही बात काट रहे हैं?”

“हो. तारीख घालून काटतो आहे.”

“लिवून घ्या, साहेब,” सुखदेव मागून म्हणाला. “ह्या घरचा मानूस चुकलो म्हनते, हे पुन्हा नाही भेटत ऐकाले.”

सगळे हसले. मीही हसलो. तू असतीस तर सगळ्यांत मोठ्याने हसली असतीस, आणि त्या क्षणी तू नाहीस हे मला तुझ्या चितेपाशी कळलं नव्हतं तितकं कळलं.

मी दोन्ही पानं जोडून दिली, मेचं तुझं आणि आताचं. दहा दिवसांनी नागपूरहून कंपनीच्या इंजिनीअर मॅडम आल्या, स्वतःची पेटी घेऊन. त्यांनी आपल्या पानांकडे पाहिलं नाही, आधी मोजलं. मला ते आवडलं. पहिल्या जागी त्यांच्या पेटीने सहा दाखवले. दुसऱ्या जागीही आपल्याइतकेच. तिसऱ्या जागेनंतर त्या म्हणाल्या, “वो कागज दीजिए ज़रा.” तुझं पान त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, दोनदा. मग विचारलं, “मॅडम कहाँ पढ़ाती थीं?” मी सांगितलं. पुढच्या आठ जागा त्यांनी तुझ्या क्रमाने घेतल्या.

टॉवरवरचं अँटेनाचं एक पॅनल सरळ कपारीच्या तोंडावर रोखलेलं होतं. ते फिरवलं. अकरापैकी आठ जागी डोंगराची प्रत इतकी मंदावली की बोलणं टिकायला लागलं. तीन जागी अजून तुटतं. तिथे टोलीमागच्या उंचवट्यावर छोटा खांब लागेल. मॅडमनी तो अहवालात लिहिला आहे. खांब येईल तेव्हा येईल. आला नाही तर मी पुन्हा अर्ज करीन, आणि पान गळलं की तिसऱ्यांदा मोजीन. कंपनीचा तोच माणूस तोच छापील कागद घेऊन आला तेव्हा मी ‘समाधानकारक’ हा शब्द कापायला लावला आणि लिहून घेतलं: आठ ठिकाणी ठीक, तीन ठिकाणी काम बाकी. त्याच्याखाली सही केली. वच्छलाबाईंना पंचायतीचे छत्तीस हजार मिळाले. आता त्या मला चहाला थांबवतात.

परवा कौतिकाबाई घरी आली. मॅडमबरोबर दोन दिवस बांबू धरल्याचे कंपनीने तिला नऊशे रुपये दिले होते, हजेरीपटावर अंगठा नाही, सही घेऊन. ती ते सांगायला आली होती. मी म्हणालो, म्हणजे या कामाला मजुरी असते. मग कुंदाबरोबरच्या अकरा दिवसांची?

“ते मी नाही घेनार. बाईसंगं उभी होती म्हनून टोलीवर मले इंजिनेर म्हनते.”

“घ्या. कुंदाने कोणाला फुकट राबवलं असं मी म्हणू देणार नाही. तुमच्याकडूनसुद्धा नाही.”

ती थोडी रागावली, मग बसली. माझ्याबरोबरच्या पाच दिवसांचे मी आधीच दिले होते. साडेचारशे गुणिले अकरा, चार हजार नऊशे पन्नास, कौतिकाबाईंना, रोख. तिने मोजून घेतले, आणि मी टोलीवर पोचवायला गेलो तेव्हा आपल्या अंगणातूनच हैदराबादला पोराला फोन लावून तो आकडा सांगितला. एकदाच सांगावा लागला.